पाळक घसरले तर विश्वास कसा सांभाळावा: सातारा-सांगलीच्या मंडळ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतला ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे. एकोणिसाव्या शतकात साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशन आले, पुढे सांगली-मिरजेकडे प्रेसबिटेरियन मिशनरी आले, डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिरजेतील रुग्णालय १८९४ मध्ये उभे राहिले, आणि अशा कामांभोवती उपासना मंदिर, शाळा, वसतिगृह, क्वार्टर्स आणि दफनभूमी यांची एकत्र वस्ती वाढत गेली. ज्या पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या (चर्चच्या) धर्मगुरूंनी, आपला बाप्तिस्मा केला, आईला मूठमाती दिली आणि धाकट्या बहिणीचे लग्न लावले, त्यांच्याच हातून मोठे पाप घडल्याचे समजते, तेव्हा घर, नातीगोती, नोकरी आणि देव हे सगळेच एकदम हलल्यासारखे वाटते. कराडच्या किंवा जतच्या माणसाला ‘दुसऱ्या मंडळीत जा’ असे सांगणे सोपे आहे. पण दुसरी मंडळी कित्येकदा तालुका ओलांडून गाठावी लागते, आणि तिथे बसलेल्यांतही आपले सोयरेच अधिक असतात.

पुढील पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्याव्यात असा माझा आग्रह आहे, कारण अनेक मंडळ्या हा क्रम उलटा लावतात. आधी क्षमेची प्रार्थना सभा होते, मग मंडळीच्या अब्रूची चर्चा होते, आणि जिला इजा झाली तिची विचारपूस झालीच तर सर्वांत शेवटी होते. पाळकाच्या पापामुळे माणसे देवापासून दुरावतात हे खरे. पण ते पाप झाकण्यासाठी देवाचेच नाव वापरले गेलेले पाहून ती अधिक दुरावतात, असे माझे मत आहे. म्हणून विश्वास सांभाळणे आणि पाळकाला जाब विचारणे ही दोन वेगळी कामे समजू नयेत.

पहिली पायरी: काय घडले आहे ते नीट ओळखावे

सगळ्या अपराधांची वाट एक नसते. पाळकाचे मद्यपान, खोटे बोलणे किंवा घरातील दुर्वर्तन यांचा विचार मंडळीच्या शिस्तीनुसार करता येतो, मात्र घरात मारहाण होत असेल तर तो शिस्तीचा विषय राहत नाही. अर्पणाचा, दशांशाचा (उत्पन्नातून मंडळीला दिलेल्या दहाव्या हिश्शाचा) किंवा ट्रस्टच्या जमिनीचा गैरव्यवहार असेल तर मंडळीबरोबर धर्मादाय कार्यालयाचाही संबंध येतो. मुलावर किंवा स्त्रीवर अत्याचार झाला असेल तर तो थेट गुन्हा आहे, आणि तिथे मंडळीच्या अंतर्गत चौकशीची वाट पाहत बसणे हीच पहिली चूक ठरते.

पाळक आणि मंडळीतील एखादी स्त्री यांच्या संबंधाला ‘दोघांच्या मर्जीचे प्रकरण’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी थोडे थांबावे. जी बाई नवऱ्याच्या आजारपणात प्रार्थनेसाठी आली, जिने आपली गुपिते पाळकापुढे उघडी केली आणि जिच्या मुलाचा वसतिगृहातील प्रवेश त्याच्याच शब्दावर अवलंबून आहे, तिला नकार देण्याची मोकळीक कितपत होती, हा प्रश्न प्रत्येक वडीलमंडळाने, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ‘वडील’ नावाच्या ज्येष्ठ सभासदांनी, विचारलाच पाहिजे.

दुसरी पायरी: गुन्हा असेल तर आधी सुरक्षितता, मग पोलीस

अठरा वर्षांखालील मुलामुलीवरील लैंगिक अत्याचारासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे ज्याला माहीत आहे, अशा कोणत्याही व्यक्तीने ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. त्यातून मंडळीचे सेक्रेटरी, शाब्बाथ शाळेच्या (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाच्या) शिक्षिका किंवा वसतिगृहाचे अधीक्षक सुटत नाहीत. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर कैद एक वर्षापर्यंत जाते. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. पोलीस ठाण्याच्या भीतीने मागे सरणाऱ्या आईवडिलांना हे आवर्जून सांगावे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती नोंदवता येते. मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

प्रकरण अठरा वर्षांवरील स्त्रीचे असेल, तर तक्रार करायची की नाही आणि कधी करायची हा निर्णय तिचा आहे. तिच्या वतीने शूर होण्याची हौस कोणी बाळगू नये. ती मिशनच्या शाळेत, दवाखान्यात किंवा कार्यालयात काम करत असेल, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते, आणि सबळ कारण असेल तर ही मुदत आणखी तीन महिन्यांनी वाढवता येते. तक्रार खुद्द संस्थाचालकाविरुद्ध असेल किंवा तिथे दहापेक्षा कमी लोक काम करत असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मुलाचे नाव, फोटो, शाळा, गल्ली यांपैकी काहीही उघड होऊ देऊ नये. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘अमुक घरासाठी प्रार्थना करा’ असा निरोप टाकणे म्हणजे ओळख गावभर पोहोचवणेच होय.

पीडित मुलीला आरोपी पाळकाशी ‘समोरासमोर बोलून मिटवायला’ बसवण्यासाठी मत्तय १८:१५–१७ पुढे केले जाते. त्या वचनात एका भावाने दुसऱ्या भावाचा अपराध एकांतात दाखवावा असे सांगितले आहे. त्याच अध्यायात, थोडे आधी, लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे बरे, असे प्रभू म्हणतो. अध्याय वाचायचा तर पहिल्या वचनापासून वाचावा.

तिसरी पायरी: पैसा आणि जमीन

इथे कागदावर काम होते, भाषणावर होत नाही. मंडळीची मालमत्ता ज्या ट्रस्टच्या नावे आहे, त्याची नोंद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली असते. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करून विश्वस्तांच्या नोंदीचा उतारा आणि सादर झालेले लेखापरीक्षण अहवाल यांच्या नकला मागाव्यात. कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मिळकत विकण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, म्हणून शहराच्या मध्यावरची जुनी मिशनची जागा कोणी परस्पर दिल्याची चर्चा असेल तर पहिला प्रश्न त्या परवानगीच्या आदेशाचा विचारावा. गैरव्यवहार सिद्ध झाल्यास विश्वस्तांना निलंबित करण्याची किंवा काढण्याची तरतूद कलम ४१ ड मध्ये आहे. अर्ज एकट्याने न करता चार-पाच सभासदांनी मिळून करावा, आणि सहीसाठी माणसे निवडताना ज्यांचा स्वतःचा डोळा खजिनदाराच्या खुर्चीवर आहे त्यांना बाजूला ठेवावे.

चौथी पायरी: तक्रार आणि कुजबुज यांत फरक करावा

आपल्याकडे मंडळीच्या निवडणुका, गट आणि निनावी पत्रे यांचा इतिहास लांबलचक आहे, हे मान्य केले पाहिजे. एखाद्या पाळकाला हलवण्यासाठी त्याच्या चारित्र्यावर चिखल उडवणे हे हत्यार वापरले गेलेले आहे. मंडळीच्या वडिलाविरुद्धचा आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून दाखल करून घेऊ नये, हे १ तीमथ्य ५:१९ मधील वचन अशा ‘ध चा मा’ करणाऱ्यांपासूनच रक्षण करते. मात्र पुढचे विसावे वचन सोडून देण्याची सवय वाईट आहे: जे पाप करीत राहतात त्यांना सर्वांसमोर दोष द्यावा, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे.

व्यवहारात असे करावे. जे ऐकले ते आणि जे स्वतः पाहिले ते वहीत तारखेसह वेगवेगळ्या पानांवर लिहावे. संदेश, पावत्या, पत्रे यांच्या प्रती जपून ठेवाव्यात. बंद खोलीत घडलेल्या गोष्टीला तिसरा डोळा नसतो, तेव्हा स्वतःवर बेतलेले सांगणाऱ्या स्त्रीकडे साक्षीदार मागत बसू नये. एकमेकींना न ओळखणाऱ्या दोघींचे सारखे सांगणे, घटनेनंतर लगेच कोणापाशी केलेली वाच्यता, बदललेली वागणूक हीही साक्षच आहे. गुन्ह्याची छाननी करणे हे पोलिसांचे काम आहे, वडीलमंडळाचे नाही. चौकशी पूर्ण होईपर्यंत पाळकाला वेदीवरून आणि मुलांच्या कामातून दूर ठेवणे म्हणजे त्याला दोषी ठरवणे नव्हे, हे दोन्ही गटांना सांगण्याची हिंमत एखाद्या तरी वडिलात असावी.

कीर्ती हा निर्दोषपणाचा पुरावा नसतो. चेन्नईत जन्मलेले आणि जगभर ख्रिस्ती विश्वासाचे समर्थन करणारे वक्ते रवी झकरायस यांच्याविरुद्ध २०१७ मध्ये तक्रार पुढे आली, तेव्हा त्यांच्या संस्थेने त्यांचीच बाजू घेतली. मे २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये संस्थेनेच नेमलेल्या चौकशीच्या अहवालाने लैंगिक गैरवर्तन झाल्याचे मान्य केले, आणि त्यांच्या व्याख्यानांनी ज्यांचा विश्वास दृढ झाला होता अशा असंख्य लोकांपुढे आपलाच आजचा प्रश्न उभा राहिला.

तक्रार कोणाकडे न्यायची हे मंडळीच्या रचनेवर ठरते. मंडळी १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची असेल तर पास्टोरेट कमिटी (स्थानिक मंडळीची कारभारी समिती) आणि त्यावर बिशपसाहेब आहेत. कॅथलिकांसाठी पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या नियमांनी फादर आणि सिस्टर यांच्यावर अत्याचाराची माहिती वरिष्ठांना कळवण्याचे बंधन घातले आहे. स्वतंत्र मंडळीत कित्येकदा पाळकाच्या वर कोणीच नसते. तिथे ट्रस्ट आणि कायदा हीच दोन दारे उरतात.

पाचवी पायरी: अंगावर येणाऱ्या वचनांना तयार असावे

आवाज उठवला की पहिल्यांदा स्तोत्र १०५:१५ येते: माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका. त्या स्तोत्रात बोलणे अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्याविषयी आहे, आणि ते तेव्हा संख्येने थोडे आणि परक्या देशात उपरे होते, असे तीनच वचने आधी म्हटले आहे. देव तिथे बलवान राजांना दटावून दुबळ्यांना राखतो. ते वचन खुर्चीतल्या माणसाच्या बचावासाठी वापरणे म्हणजे त्याची दिशाच फिरवणे आहे.

दुसरे येते क्षमेचे. क्षमा ही जिला इजा झाली तिच्या हातची गोष्ट आहे. मंडळीने ठराव करून ती द्यायची नसते, आणि तिच्याकडून तारीख ठरवून मागायची तर मुळीच नसते. २ शमुवेल १२ मध्ये, दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला मारवल्यावर, नाथान संदेष्टा त्याला तोंडावर ‘तो माणूस तूच आहेस’ असे सांगतो. दावीद कबूल होतो, देवाने त्याचे पाप दूर केल्याचे नाथान सांगतो, आणि त्याच भेटीत त्या पापाचे परिणाम मात्र भोगावे लागतील असेही सांगतो. क्षमा मिळाली म्हणून चौकशी थांबावी असा धडा त्यात शोधूनही सापडत नाही.

तिसरे वचन नसून म्हण असते: झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण आधीच थोडे, बाहेरचे लोक हसतील, वर्तमानपत्रात येईल. ही भीती खोटी नाही, आणि ती बोलणारी म्हातारी माणसे दुष्टही नसतात. पण मूठ झाकून ठेवल्याने जे आत कुजते त्याची किंमत पुढची मुले मोजतात. पौलाने अंत्युखियात पेत्राला सर्वांदेखत तोंडावर विरोध केला आणि ती गोष्ट गलतीकरांस पत्रात लिहूनही ठेवली; पहिल्या शतकातली मंडळी आपल्याहून कितीतरी लहान आणि असुरक्षित होती.

सहावी पायरी: स्वतःच्या विश्वासाकडे वळावे

यासाठी १ शमुवेलाचे पहिले तीन अध्याय सावकाश वाचावेत, असे मी सुचवीन. शिलो येथील देवाच्या मंदिरात म्हाताऱ्या एली याजकाचे मुलगे हफनी आणि फिनहास याजक होते. ते यज्ञाचे मांस दांडगाईने घेत आणि दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी कुकर्म करीत, आणि त्यांच्या वागण्याने लोकांना देवाच्या अर्पणाचाच तिटकारा येऊ लागला होता. त्याच ठिकाणी मूल नसलेली हन्ना रडून प्रार्थना करते. एली तिला दारू प्यालेली समजतो. तरी तिची प्रार्थना ऐकली जाते. त्याच ठिकाणी तिचा मुलगा शमुवेल वाढतो, आणि देवाने त्या पोराला पहिल्यांदा हाक मारून जे सांगितले ते याजकांच्या अपराधाविषयीच होते: मुले काय करतात हे एलीला माहीत असून त्याने त्यांना आवरले नाही. शमुवेल ते सांगायला भितो, आणि आपल्याकडे ज्या तरुणांना बोलायचे असते तेही असेच भितात. म्हणजे देव शिलोत होता, आणि शिलोतल्या याजकांच्या विरोधातही होता. या दोन्ही गोष्टी एकत्र धरता आल्या, तर पुढचा बराच गुंता सुटतो.

पहिले काही आठवडे कोणताही कायमचा निर्णय घेऊ नये. मंडळी सोडण्याचा नको आणि ‘आता काही झाले तरी इथेच’ असाही नको. प्रार्थना सुचत नसेल तर स्तोत्र १३, ५५ आणि ८८ मोठ्याने वाचावीत. पंचावन्नावे स्तोत्र ज्याच्याबरोबर आपण देवाच्या घरात चालत गेलो त्या मित्राच्या दग्याविषयी आहे, आणि अठ्ठ्याऐंशीव्याचा शेवट अंधारातच होतो. पवित्र शास्त्राने असे स्तोत्र गाळले नाही, त्यामुळे आपणही उसने हसू आणण्याचे कारण नाही. मग मार्काचे शुभवर्तमान रोज एक अध्याय असे घरच्या प्रार्थनेत वाचावे. सोळा अध्याय आहेत. गेलेल्या पाळकाच्या जागी मोबाइलवरचा एखादा गाजलेला प्रवक्ता बसवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण मग माणसावर विसंबण्याची तीच सवय नुसती पत्ता बदलते.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जुन्या अत्याचाराच्या आठवणी वर येत असतील, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही लागतो. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

त्यानंतर एक काम पेन घेऊन करावे. त्या पाळकाकडून आपण काय काय शिकलो, याची यादी लिहावी आणि प्रत्येक गोष्टीपुढे तिचा शास्त्रातला आधार शोधावा. आधार सापडला ते आपले आहे; त्याने ते नीट पाळले नाही म्हणून ते खोटे होत नाही, आणि शास्त्री-परूश्यांविषयी मत्तय २३:३ मध्ये प्रभूने जवळपास हेच सांगितले आहे. जे फक्त त्याच्या आवाजावर आणि वजनावर उभे होते, उदाहरणार्थ ‘पाळकाला प्रश्न विचारणे म्हणजे देवाला प्रश्न विचारणे’, ते टाकून द्यावे.

‘त्यांच्या हातचा माझा बाप्तिस्मा, माझे लग्न, आईचा शेवटचा प्रभूभोजनाचा घास, हे सगळे फुकट गेले का?’ हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. मंडळीने तो फार पूर्वी सोडवला आहे. ३०३ मध्ये सुरू झालेल्या छळात उत्तर आफ्रिकेतील काही धर्माधिकाऱ्यांनी जीव वाचवण्यासाठी पवित्र ग्रंथ शत्रूच्या हाती दिले, आणि अशांच्या हातचे विधी निरर्थक ठरतात, असा पक्ष डोनाटसच्या अनुयायांनी मांडला. ३१४ च्या आर्लच्या परिषदेने तो नाकारला, आणि पुढे ऑगस्टिनने उत्तर दिले की पेत्राने बाप्तिस्मा दिला काय किंवा ख्रिस्ताला धरून देणाऱ्या यहूदाने दिला काय, देणारा ख्रिस्तच असतो. अँग्लिकन मंडळीच्या एकोणचाळीस कलमांतले सव्विसावे कलम हेच सांगते, आणि लगेच पुढे असेही सांगते की दुष्ट सेवकांची चौकशी व्हावी आणि दोषी ठरल्यास त्यांना पदावरून काढावे. तेव्हा तुमचा बाप्तिस्मा पक्का आहे. लग्न लावण्याचा अधिकार त्या दिवशी त्याला होता आणि नोंद रजिस्टरात आहे, म्हणून तुमचे लग्नही पक्के आहे. मात्र त्या हातून आता भाकर घ्यायला मन धजत नसेल तर थांबावे, आणि थांबलेल्याला कोणी नावे ठेवू नयेत.

सातवी पायरी: राहावे की निघावे

मंडळीने सत्य ऐकले, इजा झालेल्या कुटुंबाला जागा दिली आणि पाळकाला बाजूला केले, तर सहसा राहावे. तक्रार करणारी मुलगी मागच्या बाकावर आणि पाळक वेदीवर अशीच मांडणी कायम राहिली, तर निघणे हे विश्वासत्यागाचे लक्षण नाही. निघताना सभासदत्वाचा दाखला, बाप्तिस्म्याची नोंद आणि कुटुंबाच्या दफनभूमीतील हक्काचे कागद मागून घ्यावेत. हे दाखले अडवून माणसे गप्प केली जातात, म्हणून अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात राहून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यामागे कोणाच्या दुराचाराचे कारण नव्हते, तेव्हा आपल्या प्रश्नाशी त्यांची बरोबरी करू नये. तरी मिशनच्या पगाराबाहेर आणि चौकटीबाहेर ख्रिस्ताचा माणूस उभा राहू शकतो हे याच गावाने पाहिले आहे. पर्यायी मंडळी जवळ नसेल तर दोन-तीन कुटुंबांनी घरी उपासना करावी, पण तिथेही एकाच माणसाच्या हाती सर्व सूत्रे देऊ नयेत.

पाळकीणबाई आणि त्यांची मुले यांचा विसर पडतो, तो पडू नये. बहुतेक वेळा त्यांनी काहीच केलेले नसते, आणि एका महिन्यात क्वार्टर, शाळा आणि मान तिन्ही जातात. घर शोधेपर्यंत मुदत देणे मंडळीला सहज शक्य असते.

आठवी पायरी: मुलांना काय सांगावे

वयाला झेपेल तितके, पण खरे सांगावे: पाळककाकांनी चुकीचे काम केले, म्हणून ते आता उपासना चालवणार नाहीत, आणि ज्यांना त्रास झाला त्यांची यात काहीच चूक नाही. कोणीही मोठा माणूस, मग तो आजोबांच्या वयाचा का असेना, ‘हे आईला सांगू नको’ म्हणाला की तेच आधी आईला सांगायचे, हेही त्याच बैठकीत सांगून टाकावे.

नववी पायरी: पश्चात्ताप आणि नवा पाळक

पश्चात्ताप अश्रूंवर मोजू नये. जकातदार जक्कयाने लूक १९:८ मध्ये अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट परत देण्याचे कबूल केले. पाळकाने अपराध नाव घेऊन कबूल केला का, पैसे परत केले का, तपासाला सहकार्य केले का, इजा झालेल्यांपासून दूर राहिला का, एवढे पाहावे. विश्वासणारा म्हणून तो पुन्हा मंडळीत बसू शकतो. पण ज्या मंडळीत त्याच्या हातून इजा झालेले माणूस बसते तिथे त्याने बसू नये, आणि वेदीवर हक्क सांगू नये. लहान मुलांचा गुन्हेगार असेल तर मुलांच्या कामात पुन्हा कधीही नाही.

नवे पाळकसाहेब येतील तेव्हा त्यांच्यावर जुना संशय लादू नये, आणि जुनी मोकळीकही देऊ नये. अर्पण दोघांनी मोजून त्याच दिवशी सही करावी आणि हिशेब दर महिन्याला फलकावर लावावा. शाब्बाथ शाळेत आणि शिबिरात दोन मोठी माणसे नेहमी सोबत असावीत, समुपदेशनाच्या खोलीच्या दाराला काच असावी, आणि तक्रार घेण्यासाठी मंडळीबाहेरच्या एका स्त्रीचे नाव व फोन नंबर प्रवेशदाराशी लावलेला असावा. हे नियम पाळकसाहेबांच्या स्वागत समारंभाच्या आधीच्या कमिटी बैठकीत मंजूर करून घ्यावेत, कारण हार घातल्यानंतर ते मांडायला कोणी धजत नाही.